तर्री पोहे, खडी गंमत आणि एक रशियन कोल्हा

नागपूरला लग्नासाठी गेलो होतो. लग्न संध्याकाळचं, म्हणून सकाळी मामा कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे खायला घेऊन गेले. चण्याची लालभडक तर्री, आणि तिखट आहे का विचारलं तर इथे सगळे नाहीच म्हणतात, विश्वास ठेवू नका. रात्री कल्याणला विदर्भ एक्सप्रेस पकडल्यापासून मी रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीचं 'रेनार' (म्हणजे कोल्हा) हे छोटं संगीत-नृत्यनाट्य लावून बसलो होतो, आणि पोहे येईपर्यंत पुन्हा हेडफोन घातला तर मामा म्हणाले, "काय ऐकून राह्यला बे एवढं?"

मग व्हिडिओच दाखवला. गोष्ट रशियन लोककथेतली. कोल्हीण जोगिणीचा वेष घेऊन येते आणि झाडावरच्या कोंबड्याला म्हणते, खाली ये, पापं कबूल कर. कोंबडा उडी मारतो, पकडला जातो, बोका आणि बोकड येऊन सोडवतात. आणि हा शहाणा परत उडी मारतो! मामा तिथेच म्हणाले, "येडाच आहे ना हा." शेवटी बोका-बोकड गाणं म्हणत तिला गाठतात आणि संपवतात.

गंमत अशी की नाचणारे वेगळे, गाणारे वेगळे. चार पुरुष गायक वाद्यांमध्ये बसून गातात, कोण कुठल्या प्राण्याचा आवाज ते ठरलेलं नाही, आणि पुढे विदूषक किंवा डोंबाऱ्यासारखे कसरतवाले नाचतात. सुरुवातीला मार्चवर सगळे आत येतात, शेवटी त्याच मार्चवर बाहेर जातात, आणि गोष्ट आवडली तर आमचं काय ते द्या असंही म्हणतात. मामा तरुणपणी भंडाऱ्याकडे खडी गंमतीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, नाच्या होते, म्हणजे साडी नेसून नाचायचे, शाहीर गाणार आणि हे नाचणार. ते मोबाईल हातात धरून एकदम, "हे तं आपलीच खडी गंमत होऊन राह्यली ना बाप्पा!"

मला हे इतके दिवस ऐकूनही सुचलं नव्हतं. मी ते पॅरिसचं म्हणून ऐकत होतो, कारण पहिला प्रयोग १९२२ मध्ये पॅरिस ऑपेरात झाला. त्यात कोल्हिणीचं काम नृत्यदिग्दर्शिका ब्रॉनिस्लाव्हा निजिन्स्काने स्वतः केलं होतं, हे सांगितल्यावर मामा जरा नाराज झाले, बाई कशाला म्हणे, नाच्या पाहिजे होता. लिहिलं होतं मात्र स्वित्झर्लंडमध्ये, १९१५-१६ मध्ये, युद्ध चालू असताना. पैसे दिले प्रिन्सेस दे पोलिन्याकने, म्हणजे शिलाई मशीनवाल्या सिंगरची मुलगी. घरी आल्यावर मामींना हे सांगितलं तर त्यांनी थेट कोपऱ्यातल्या त्यांच्या मशीनकडे बोट दाखवलं, तीच का ही?

दुपारी महाराजबागेत एक चक्कर मारली, ऊन इतकं होतं की प्राणी सावलीत आणि आम्ही उसाच्या गाडीवर. तिथे मामांनी परत लावायला सांगितलं, ते सिंबालोमसाठी. तारांवर काड्यांनी वाजवायचं वाद्य, आपल्या संतूरच्या कुळातलं. स्त्राविन्स्कीने जिनिव्हाच्या एका रेस्टॉरंटमध्ये ते ऐकलं आणि इतकं आवडलं की विकत घेऊन शिकला. पहिल्यांदा ऐकताना बाकीच्या वाद्यांचा गोंगाटच वाटेल, वाटू द्या, पंधरा-सोळा मिनिटांचा तर मामला आहे. फक्त आधी गोष्ट माहीत करून घ्या, आणि ऑडिओ नको, व्हिडिओच बघा, नाच दिसल्याशिवाय अर्धी मजा जाते.