फिल्टरमधली फसफस आणि कॅमची निवड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "मोठा कॅम टाकलाय, गाडी वर मस्त पळते, पण खालच्या आरपीएमला एअर फिल्टरमधून फसफस, भकभक ऐकू येतं. हा आवाज जाईल असा कॅम कुठला?" मी एखादं नाव सांगून मोकळं व्हावं, अशी अपेक्षा असते. कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा. मी मात्र आधी त्याचं कॅम कार्ड, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडतात-मिटतात त्या आकड्यांचा कागद, मागतो आणि त्यावर सगळ्यात आधी बघतो, की इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा) बंद कधी होतो.

लोक लिफ्ट बघतात, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते. आवाजाच्या बाबतीत लिफ्टचा हात थोडाच. खरी गडबड होते ती पिस्टन तळाला टेकून वर निघाल्यानंतर, कारण तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. हे मुद्दाम केलेलं असतं. वरच्या आरपीएमला आत धावणारी हवा इतकी जोरात असते, की पिस्टन उलटा फिरला तरी ती आत घुसतच राहते. खाली, दोन-अडीच हजारांवर, तिच्यात तो जोर नसतो. मग पिस्टन आत आलेला माल पुन्हा पोर्टात ढकलतो आणि तो कार्ब्युरेटरमधून थेट फिल्टरपर्यंत येतो. तुम्हाला ऐकू येते ती ही ओकारी.

गंमत अशी, की कार्ब्युरेटरला हवेची दिशा कळत नाही. हवा आत जाताना पेट्रोल उचलते, उलटी येताना पुन्हा उचलते आणि परत आत जाताना आणखी. म्हणून आवाज येतो त्याच टप्प्यात गाडी गुदमरते. फिल्टर उघडून आतली बाजू बघा, पेट्रोलने ओली लागेल. फिल्टर काढून इंजिन चालू ठेवलं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर बाजूने टॉर्च मारला, तर पेट्रोलचं बारीक धुकं तिथेच तरंगताना दिसतं. (हे लांबून बघायचं. कार्ब्युरेटरमधून भडका उडू शकतो.)

दुसरा गुन्हेगार ओव्हरलॅप. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो. थ्रॉटल जवळजवळ बंद असेल तर इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे जळलेला वायू सायलेन्सरकडे जायचं सोडून उलटा इनटेकमध्ये शिरतो. आयडलची (गाडी उभी असताना मंद चालणाऱ्या इंजिनाची) लंगडी चाल त्यातूनच येते. काहींना ती फार आवडते. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण ओव्हरलॅप किती महत्त्वाचा, हे डुकाटीकडे बघून कळतं. सुपरबाइकचं इंजिन २०१० च्या मल्टिस्ट्राडा १२०० मध्ये घालताना त्यांनी ओव्हरलॅप (क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत मोजलेला) ४१ अंशांवरून ११ वर आणला आणि तो आकडा इंजिनाच्या नावातच लावला: टेस्टास्ट्रेटा ११°. रोजच्या वापरातल्या आरपीएमला इंजिन मऊ चालावं, एवढ्यासाठी.

आता कार्ड वाचू. समजा, इनटेक टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) २० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ४० ला मिटतो. म्हणजे २० अधिक १८० अधिक ४०, ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहतो तो काळ) २४० अंश. एक्झॉस्ट टीडीसीनंतर १५ अंशांवर मिटत असेल तर ओव्हरलॅप २० अधिक १५, म्हणजे ३५. शेजारी दुसरं कार्ड ठेवा, ज्यात इनटेक ३० ला मिटतो आणि ओव्हरलॅप २० आहे. आवाजासाठी मी डोळे झाकून दुसरा घेईन. फक्त दोन्ही आकडे एकाच लिफ्टवर मोजलेले हवेत. एकाने व्हॉल्व्ह जागचा हलताच मोजलं आणि दुसऱ्याने १ मिलीमीटर उचलल्यावर, तर ती तुलना फुकट.

कॅम विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. एकच कॅमशाफ्ट असेल आणि स्प्रॉकेट (कॅमचं दातेरी चाक) सरकवता येत असेल, तर कॅम ४ अंश ॲडव्हान्स करा, म्हणजे तेवढा आधी आणा. इनटेक ४० ऐवजी ३६ ला मिटेल, पण ओव्हरलॅप ३५ चा ३५ राहील, कारण एका बाजूला वाढलं तेवढं दुसऱ्या बाजूला घटलं. फसफस स्पष्ट कमी झाली तर दोष उशिरा मिटण्याचा. फरक पडलाच नाही तर ओव्हरलॅपवर संशय घ्या आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांच्या मध्यांमधलं अंतर) जास्त असलेला कॅम बघा. इनटेक आता लवकर उघडतोय, तेव्हा इंजिन फिरवण्याआधी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासायला विसरू नका.

कॅमकडून अवाजवी अपेक्षा मात्र नको. सिंगल सिलिंडर इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा श्वास घेतं, ६००० ला ५० वेळा. फुल थ्रॉटलला येणारा तो घुमणारा हुंकार या श्वासांचा आहे. तो दाबायचं काम एअर बॉक्सचं (फिल्टरभोवतीच्या बंद डब्याचं) आणि त्याच्या नळीचं. बॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावायचा आणि मग कॅमला दोष द्यायचा, हे मी इतकं बघितलंय, की हल्ली पहिला प्रश्न तोच विचारतो. ४५ अंशाच्या व्ही-ट्विनला (V आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाला) एकच कार्ब्युरेटर असेल तर दोन सिलिंडरांच्या ओढण्यात एकदा ३१५ आणि एकदा ४०५ अंशांचं अंतर पडतं. तो अडखळता ताल कुठल्याही कॅमने जाणार नाही.

टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट), इनटेकच्या जोडातली गळती, पातळ मिक्श्चर (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इग्निशन टायमिंग हे आधी बघून घ्याच. कार्ब्युरेटरमधली एखाद-दुसरी फट् बरेचदा तिथेच सापडते.

आणि लवकर मिटणाऱ्या कॅमची किंमतही ऐकून ठेवा. पिस्टन आता जास्त हवा दाबतो, त्यामुळे कॉम्प्रेशन गेजवरचा आकडा चढतो. इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच जास्त असेल तर कमी आरपीएमला गाडी ओढताना नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होईल. शिवाय कमी ड्युरेशनमध्ये जास्त लिफ्ट कोंबलेला कॅम व्हॉल्व्ह झटकन उचलतो आणि झटकन आपटतो. तिथे फसफस जाईल, पण टॅपेटची टकटक पदरात पडेल. वरच्या आरपीएमची ताकद थोडी जाईल ती वेगळीच.