दुसरा हात बाळावर असतो

‘हे एका हातानं उघडतं का?’ अपुऱ्या दिवसांच्या बाळाभोवती ठेवायच्या मऊ कड्याचा आमचा नमुना हातात घेतल्या घेतल्या हॉस्पिटलातल्या सिस्टरांनी विचारलं. ‘दुसरा हात बाळावर असतो ना.’

आमची चर्चा आतापर्यंत कापड आणि रंगाची. रंगावर तर तासभर!

३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या स्नायूंत जोर कमी असतो. पाठीवर ठेवलं की हातपाय बेडकासारखे पसरतात. आईच्या पोटात पाय मारला की भिंत लागायची, इथे काहीच लागत नाही. म्हणून भोवती हे मऊ कडं: पाय टेकायला आधार, हात तोंडाशी पोचावेत म्हणून खांदे किंचित पुढे.

मग सिस्टरांनी डोळे मिटून आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. ‘ही बाहेरून घ्या. कातडी फार नाजूक असते यांची.’ अशा वस्तू बनवताना सिस्टरांना इतक्या उशिरा का विचारतात, कळत नाही.

आणि हो, हे कडं हॉस्पिटलात मॉनिटर लावलेल्या बाळांसाठीच. घरी सपाट, घट्ट गादीवर पाठीवरच झोपवायचं; भोवती उशा, लोड काही नको. तरी ‘विकत कुठे मिळेल?’ हे आईबाप विचारतातच.

तुमच्या घरी असं बाळ आलं तेव्हा हे कुणी नीट समजावून सांगितलं होतं का?