कोडीनचं खोकल्याचं औषध पाच दिवस घेताना

व्हायरल तापानंतर उरलेल्या कोरड्या ढासेसाठी डॉक्टरांनी मला कोडीनचं सिरप लिहून दिलं : ५ मिली, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, पाच दिवस. त्याआधी त्यांनी छाती तपासली, कफ पडतो का आणि धाप लागते का ते विचारलं. कोडीन मेंदूतून खोकल्याची उबळच दाबतं. छातीत कफ साठलेला असताना ती दाबली तर कफ आतच राहतो, म्हणून ओल्या खोकल्याला हे औषध नाही. दम्याच्या माणसानेही ते आपल्या मनाने घेऊ नये.

चालू असलेली सगळी औषधं मी चिठ्ठी लिहून होण्याआधीच सांगितली. झोपेची किंवा घबराटीची गोळी (अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम) कोडीनसोबत पडली तर श्वास मंदावतो. दारूचंही तेच, म्हणून ते पाच दिवस एक घोटही नाही. सिरपच्या ५ मिलीत कोडीन १० मिलिग्रॅम होतं आणि सोबत क्लोरफेनिरामाइन (अ‍ॅलर्जीवरचं, झोप आणणारं औषध) ४ मिलिग्रॅम. हे दुसरं औषध सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही असतं. खोकल्याबरोबर नाक गळतंय म्हणून वरून तशी गोळी घेतली की गुंगी वाढते आणि तोंड कोरडं पडतं. त्याने प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकू शकते, आणि काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

मेडिकलमध्ये चिठ्ठी पाहूनच बाटली मिळाली. कोडीन शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून अशा औषधांची वेगळ्या वहीत नोंद होते : डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ही वही तीन वर्षं ठेवावी लागते. काउंटरवर दोन मिनिटं जास्त गेली, पण हे नियम मला मनापासून पटतात, कारण या औषधाची सवय लागते.

मोजायला फक्त बाटलीसोबतचं मापाचं झाकण वापरलं. घरातल्या चमच्यांचा भरवसा नाही. एकात ३ मिली मावतं, दुसऱ्यात ७. झाकण सपाट ओट्यावर ठेवायचं, डोळे रेघेच्या पातळीला आणायचे आणि मग ओतायचं. हातात उंच धरून पाहिलं की माप चुकतं. दोन मात्रांमध्ये किमान सहा तास. दुपारची राहिली तर ती सोडून द्यायची, रात्री दुप्पट कधीच नाही. पाचही दिवस मी गाडी चालवली नाही. बद्धकोष्ठता होतेच, म्हणून भरपूर पाणी आणि रात्री इसबगोल.

घरच्यांना एक गोष्ट नीट सांगून ठेवली : हाक मारून जाग येत नाही, श्वास फार संथ आहे, ओठ निळसर झालेत किंवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात, तर थांबायचं नाही, १०८ लावायचा.

बाटली कुलपात ठेवली. यकृत कोडीनचं मॉर्फिन करतं, आणि काहींच्या शरीरात हे इतक्या झपाट्याने होतं की नेहमीची मात्राही विषासारखी ठरते. कोण तसं आहे हे बाहेरून कळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते द्यायचं नाही ते याचमुळे.

पंधरा मात्रांचे ७५ मिली संपले, १०० मिलीच्या बाटलीत २५ उरले. पुढच्या खोकल्यासाठी ते जपून ठेवले नाहीत. चहाच्या चोथ्यात कालवले, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकले, आणि बाटलीवरचं नाव खरवडून काढलं.