पत्रिका राहिली बाजूला

आज बेळगावच्या शापुरात मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या, डीटीपीच्या दुकानात वास्तुशांतीची पत्रिका करून घ्यायला गेलतो, पंधरा मिनटाचं काम, पण भाचा मॅकबुक एअर घेऊन तिथंच बसलेला आणि मग काय, दोन तास गेले की. म्हणतोय, "मामा, २०२० ला ॲपलनं स्वतःची एम१ चिप आणली, माझ्या एअरला फॅनच नाही, हात लावून बघा की गरम आहे काय." दादा माऊस न सोडता म्हणाला, "आणि रॅम वाढवायची झाली तर? घेतलीस तेवढीच जन्मभर. मी स्क्रू काढतो, नवीन पट्टी घालतो, विषय संपला."

मला दादाचं पटलं. त्याला वर मराठी, खाली कन्नड अशा पत्रिका लागतात, श्रीलिपी आणि नुडी (मराठी-कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअरं) मधल्या जुन्या फायलींचा ढीग आहे, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टला कळेल अशा सर्वमान्य पद्धतीत, नव्हेत, नुसता फॉन्ट बदलला की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ होते. (हे मी डोळ्यांनी बघितलंय.) पण त्याच्या पीसीतला इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्यावर बसत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि प्रोसेसर पण नवा. म्हणून मी हळूच म्हटलं, "विंडोजच्या जागी लिनक्स टाक की गा, फुकट आहे."

झालं! इतका वेळ भांडालेले दोघं एक होऊन माझ्यावर. "कोरलड्रॉ काय टोरवाल्ड्स येऊन चालवून देणार काय?" (कोरलड्रॉ म्हणजे पत्रिका करायचं सॉफ्टवेअर, ते लिनक्सवर थेट चालत नाही, आणि टोरवाल्ड्स म्हणजे लिनक्स सुरू केलेला माणूस.)

आता घरी येऊन बघालोय तर पत्रिकेत 'सहकुटुंब'चं 'सहकुंटुब' झालंय, शंभर प्रती. उद्या परत शापूर.