तेरचं संग्रहालय, शाळेच्या मुलांबरोबर

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्याला माहीत असतं ते गोरोबाकाकांमुळे. तेरणेच्या काठी काकांचं समाधिमंदिर आहे, एकादशीला माणसांची रीघ लागते. पण या गावाच्या पोटात आणखी एक गाव आहे: तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत ते येतं. गुजरातेतल्या भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायची आणि तिथून समुद्रापार.

माझी एक मैत्रीण लातूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिच्या सहावी-सातवीच्या मुलांची सहल तेरला निघाली, तेव्हा मीही एसटीत बसले. शाळांच्या सहलींमधली संग्रहालयं मी पूर्वी पाहिली आहेत. ओळ मोडू नका, काचेला हात लावू नका, चला पुढे. मुलं आत जातात तशी बाहेर येतात आणि मला फार वाईट वाटतं. तेरला वेगळं घडलं आणि त्याचं श्रेय मुलांना संग्रहालय दाखवणाऱ्या काकांना द्यायला हवं.

संग्रहालयाचं पूर्ण नाव कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. लामतुरे तेरचेच. पाऊस पडून गेला की इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांवर मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. लोकांना ते सापडायचे, पण त्यांचं मोल कळायचं नाही. लामतुऱ्यांनी आयुष्यभर अशा हजारो वस्तू जमवल्या आणि पुढे तो सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. संग्रहालय दाखवणाऱ्या काकांनी सुरुवात इथूनच केली. मुलांना विचारलं, "तुमच्या रानात पांढरी हाय का?" निम्मे हात वर. "मग तिथं खापरं दिसतात का?" आता सगळेच बोलायला लागले. ज्या वस्तू काचेआड ठेवल्या आहेत त्या आपल्याच शिवारातल्यासारख्या आहेत, हे पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या ध्यानात आलं. पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्तींपाशी. सातवाहन काळातल्या या बाहुल्या बोटभर, वीतभर उंचीच्या. केसांची ठेवण, कानातली कुंडलं, गळ्यातल्या माळा इतक्या बारीक आहेत की नाक काचेला लागेपर्यंत वाकावं लागतं. काकांनी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "कानाच्या मागं बघा, काय दिसतंय?" बराच वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "रेघ हाय." तो सांधा होता. पुढचा आणि मागचा असे दोन साचे, दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, अर्धी-अर्धी मूर्ती काढून एकमेकींना जोडायची. आत पोकळ राहते म्हणून मूर्ती हलकी होते आणि भट्टीत तडकत नाही. त्यानंतर प्रत्येक मूर्तीचा सांधा शोधायची मुलांमध्ये चढाओढ लागली. एका मुलाचे वडील कुंभार. तो मित्रांना समजावून सांगत होता की ओली माती जोडताना मध्ये पाण्याचा हात का फिरवतात. गोरोबाकाकांच्या गावात हे ऐकायला मिळावं, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग हस्तिदंती स्त्रीमूर्ती. हाताच्या पंजात मावेल एवढी, पण तिची गोष्ट मोठी आहे. इटलीतल्या पाँपेई शहराच्या उत्खननात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिची आणि तेरच्या या मूर्तीची घडण एकमेकींच्या फार जवळची आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं ते इ. स. ७९ मध्ये, तेव्हा ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली असणार. काकांनी मुलांनाच हिशोब करायला लावला. "म्हणजे किती वर्षं झाली?" बोटांवर मोजामोजी झाली आणि एकोणीसशेच्या वरचा आकडा आला. शेजारी रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं आहेत, गळ्यात अडकवायची सोय असलेली. परदेशी नाणं इथल्या लोकांना दागिना म्हणून आवडलं, हे कुणी न सांगता मुलांना पटलं.

काकांचं एक उत्तर मला फार मोलाचं वाटतं. एकाने विचारलं, "आमच्या रानात असं काही घावलं तर घरी ठेवायचं का?" काका म्हणाले, "नाही. आणि उकरायचंही नाही. कुठं घावलं ती जागा ध्यानात ठेवायची, तसंच राहू द्यायचं आणि सरांना, तलाठ्याला सांगायचं. जागा गेली की निम्मी माहिती गेली." उत्खनन म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकात पानभर लिहूनही इतकं नेमकं कळत नाही.

तिथून आम्ही पायीच त्रिविक्रम मंदिरात गेलो. ते चुकवू नका. पूर्ण विटांचं, मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छत. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. डोंगरात कोरलेली चैत्यगृहं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण विटांनी बांधलेलं आणि आजही उभं असलेलं फार विरळा. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे मुलांनी संग्रहालयात ऐकलं होतं. मातीत मिसळलेला भुसा भाजताना जळून जातो, विटेत बारीक पोकळ्या राहतात. त्यामुळे मुलं देवाला नमस्कार करून थेट भिंतीकडेच गेली.

दुपारी गोरोबाकाकांच्या मंदिराच्या आवारात डबे सोडले. थापटण्याने संतांची डोकी तपासल्याची आणि नामदेव 'कच्चं मडकं' ठरल्याची गोष्ट मुलांना पाठच होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी खात त्यांनी ती मलाच सांगितली.

शिक्षकांसाठी थोडं. संग्रहालय उघडं आहे का, दाखवायला कुणी असेल का, हे आधी फोन करून विचारा. पन्नास मुलं एकदम आत नेऊ नका. निम्मी संग्रहालयात आणि निम्मी मंदिरात ठेवून नंतर अदलाबदल करा. वहीत फलक उतरवून घ्यायला सांगण्यापेक्षा प्रत्येकाला एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायला सांगा. मैत्रिणीने तसंच केलं होतं. सगळ्यात जास्त चित्रं निघाली ती सांधा दिसणाऱ्या बाहुलीची. उन्हाळ्यात मराठवाड्याचं ऊन मुलांना झेपत नाही, म्हणून दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत जा.