आउटलुक सतत पासवर्ड मागतंय?

वाळूज असो की लातूर एमआयडीसी, छोट्या ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर मालकाचं जीमेल आणि कंपनीचं खातं, दोन्ही जोडलेली असतात. मग कोटेशन नेमकं मालकाच्या खात्यातून जातं. क्लासिक आउटलुकमध्ये (मेलच्या प्रोग्रामचं जुनं रूप) फाइल, अकाउंट सेटिंग्ज उघडा, कंपनीचं खातं निवडून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट’ दाबा. एवढ्यावर भागत नाही. ज्या खात्याचा फोल्डर उघडा असेल, तेच खातं आउटलुक नव्या मेलला धरतं. म्हणून ऑप्शन्समध्ये मेलखाली ‘ऑलवेज यूज द डिफॉल्ट अकाउंट’वर टिक हवीच.

पासवर्डची चौकट पुन्हापुन्हा येते? आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली की लाइट जाऊन आल्यावर तारीख मागे पडते आणि सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. हे फार जण तपासतच नाहीत. तारीख बरोबर असेल तर विंडोज जिथे पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली त्या खात्याची जुनी नोंद काढून आउटलुक पुन्हा उघडा.

जीमेलला आउटलुकच्या साध्या पासवर्ड-चौकटीत नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून आउटलुकसाठी वेगळा, १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्या. मेल येतात पण जात नाहीत, तर आउटगोइंग सर्व्हरचं ऑथेंटिकेशन (मेल पाठवतानाची ओळख-तपासणी) बंद असू शकतं.