अस्तराशिवायचे बूक्ले जॅकेट

गाठीगाठींच्या फुगीर धाग्याने विणलेल्या बूक्ले कापडाचे जॅकेट शिवताना मी सर्वांत आधी शिवणी कमी केल्या. सरळ अंग, बिनकॉलरचा गळा, चार भाग आणि दोन बाह्या एवढेच ठेवले. कारण अशा कापडावर प्रिन्सेस कटची (अंगाला आकार देणाऱ्या उभ्या शिवणीची) रेषा दिसत नाही, जाडी मात्र वाढते.

कापड लोकरीचे असल्यामुळे ते वाफेने आधीच आकसू दिले. दुहेरी घडीत खालचा थर सरकतो, म्हणून प्रत्येक भाग एकेरी कापला. खडूच्या खुणा गाठींत हरवत असल्याने त्यांच्या जागी रंगीत दोऱ्याचे कच्चे टाके घातले.

खरे काम सुरू होते ते कात्री लागल्यानंतर. विणकाम सैल असल्याने काठाचे दोरे हाताळताच निसटू लागतात. पुढचा एक भाग मी रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी त्याची जवळजवळ अर्धा सेंटिमीटर कड गेलेली होती. सुदैवाने शिवणीत अडीच सेंटिमीटर माया (शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड) सोडली होती. कडा बंद करण्याचे काम ओव्हरलॉक मशीनने झटपट होते, पण अस्तर नसलेल्या जॅकेटची आतली बाजू घालता-काढताना दिसतेच, आणि ती पाहून मला समाधान वाटायला हवे होते. म्हणून पातळ सुती कापडाच्या 3 सेंटिमीटर रुंदीच्या उरेप (धाग्यांना तिरप्या) पट्ट्या कापल्या, पट्टी मायेच्या कडेला सुलट बाजूने जोडली, कडेवरून मागे वळवली आणि जोडाच्या खोबणीतूनच पुन्हा शिलाई मारली. मागे राहिलेली पट्टीची कड दुमडावी लागत नाही, कारण उरेप कापाचे दोरे सहसा सुटत नाहीत. त्यामुळे शिवणही जाड होत नाही. शनेलच्या प्रसिद्ध जॅकेटमध्ये रेशमी अस्तर उभ्या शिलायांनी कापडालाच जोडलेले असते आणि सैल विणीला तेच सांभाळते. माझ्या जॅकेटमध्ये कडा सांभाळण्याचे काम या पट्ट्यांकडे आले, आणि खांदे ताणू नयेत म्हणून तिथे उभ्या धाग्याची अरुंद फीत शिवणीत धरली.

मशीनवर 90 क्रमांकाची सुई आणि साडेतीन मिलिमीटरचा टाका ठेवला. इस्त्री करताना कापडाखाली जाड टॉवेल हवा. इस्त्री न टेकवता फक्त वाफ द्यावी आणि शिवण बोटांनी उघडून थंड होईपर्यंत दाबून ठेवावी, नाहीतर गाठी चपट्या होतात. मुंढ्यात बाही बसवताना हेच कापड फार सोयीचे ठरले, कारण बाहीच्या माथ्याचा जास्तीचा भाग वाफेने सहज आकसला आणि एकही चुणी पडली नाही. खालच्या दुमडीला हाताने सैल तुरपाई घातली. तिचे टाके गाठींत इतके मुरले की सुलट बाजूने शोधूनही सापडत नाहीत.